उसना आवाज

“शेवटचं कोण?” असं माझ्या मागून कोणीतरी विचारलं, आणि तो आवाज माझा होता. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. चौदा नंबरच्या दारासमोर बाकाच्या टोकाला बसले होते, बुटांवर दवाखान्याच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, मांडीवर पर्स, आणि घसा असा की कालपासून धड खोकताही येत नव्हतं. तरी माझा आवाज माझ्या पाठीमागे उभा राहून रांगेत नंबर लावत होता. माझा म्हणजे लोकांना माझा म्हणून माहीत असलेला. जरा खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी किंचित थकणारा, ज्याच्या पायी एके काळी अर्ध्या देशातल्या पुरुषांनी मला पत्रं लिहिली तो. मी वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला. भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा लावून चार वर्षं झाली, पण त्याच्यावर इथे कोणाचा विश्वास नाही. येणाऱ्याने शेवटचं कोण ते विचारायचं, शेवटच्याने हात वर करायचा, आणि मग त्या दोघांचं दार उघडेपर्यंत एकमेकांशी नातं जडतं, पटो न पटो.

“मग मी तुमच्या मागे,” आवाज म्हणाला. गरजेपेक्षा जरा मोठ्याने. पलीकडे कानात कापसाचा बोळा घातलेला एक म्हातारा बसला होता, त्यानेही मान वर केली. तो आल्यापासून मला पिडत होता. मी सिरियलमधली पोल्याआजी आहे हे त्याने कोट ठेवायच्या खिडकीपाशीच ओळखलं होतं, आणि त्या घमेंडखोर सुनेला मी घराबाहेर का काढत नाही याचा जाब तो मला अर्धा तास विचारत होता. मी घशाकडे बोट दाखवून हसत होते. आता तो त्या नव्या बाईकडे बघून म्हणाला, “हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय बरं का.” अहो, ऐकला असेलच की. तुम्ही तिशीत असाल तेव्हा. आणि तुम्हाला वाटलं असेल की मी बोलतेय.

मी त्या बाईला आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. नाव तेवढं ठाऊक होतं: आदा नाउमोव्ना. तेही साउंडवाल्या मीतिचने दोन पेग झाल्यावर सांगितलं होतं, कारण अशा बायकांची नावं पडद्यावर येत नसत. मी कोस्त्रोमाकडची. आमच्याकडे ‘ओ’ गोल, तोंडभर म्हणतात. मॉस्कोचे लोक तो चेपून टाकतात आणि आम्हाला हसतात. चोवीस वर्षांची होते. आमच्या दिग्दर्शकाने, व्सेवोलोद यानोविचने, माझा चेहरा कुठल्याशा कॉलेजच्या नाटकात हेरला आणि मला सिनेमाची नायिका केलं. उत्तरेकडच्या एका बंदरगावी रात्रंदिवस ट्रंककॉल जोडून देणारी मुलगी. सगळा सिनेमा म्हणजे काचेमागे बसलेली मी आणि माझं बोलणं. चार महिने मी बोलले, घसा फोडून बोलले. आणि मग पहिल्या खेळाला, मैत्रिणीचा पोशाख घालून दुसऱ्या रांगेत बसले असताना, पडद्यावरच्या माझ्या तोंडातून कोणी दुसरीच बोलायला लागली. मला आधी वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं मीच बिघडले. शेजारी बसलेल्या व्सेवोलोद यानोविचने माझा हात दाबला आणि पुटपुटला, “अगं, तुझा चेहरा राजकन्येचा आहे, पण बोलतेस दूधवालीसारखी. आता बघ.” मी बघितलं. लोक रडत होते. उठून टाळ्या वाजवत होते. मीही रडले, आणि फोटोवाल्यांना वाटलं आनंदाने रडतेय.

त्यानंतर माझं नशीब उघडलं असं म्हणतात. सहा सिनेमे मिळाले आणि सहाही वेळा आदा बोलली, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला चेहऱ्याबरोबर तो आवाजही हवा असायचा. दोन्ही मिळून एक बाई होत होती, त्यातल्या अर्धीला कोण विचारतो? मग कारखान्यांत, क्लबांत प्रेक्षकांच्या भेटी. चेरेपोवेत्सच्या पोलाद कारखान्यात दोन हजार माणसं ओरडत होती, ते वाक्य म्हणा, ते वाक्य. “बोला, मी लाईन तोडत नाही.” मी म्हटलं, माझ्या गोल ‘ओ’त, आणि सभागृहात जी शांतता पसरली ती आजही माझ्या अंगावर येते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून, तिचा आवाज काढायला शिकले. खालची पट्टी, शेवटाला किंचित थकवा. मला जमलं. इतकं जमलं की दुकानात पाव मागतानाही मी आदाच्या आवाजात मागायचे. आर्सेनी, माझा नवरा, त्या आवाजाच्या प्रेमात पडला. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी तापाने फणफणले होते, झोपेत काहीतरी बरळले, आणि सकाळी तो म्हणाला, रात्री तू कोणीतरी वेगळीच वाटत होतीस. चांगलं म्हणून म्हणाला नाही. मग मी तापातही जपून राहायला लागले. अकरा वर्षांनी तो गेला, दुसरीकडे गेला, आणि दारात उभा राहून त्याने मला विचारलं की तुला कधी कोणावर ओरडावंसं वाटत नाही का. मला किती वाटायचं! पण ओरडायचं कोणाच्या आवाजात हे ठरत नसे.

पुढे सोव्हिएत संघ मोडला, स्टुडिओ बंद पडले, चेहराही उतरला. बारा वर्षं एका थिएटरात प्रेक्षकांचे कोट सांभाळले. तिथे फार बोलावं लागत नाही, बिल्ला द्या, बिल्ला घ्या. साठीला आले तेव्हा टीव्हीवाल्यांना एक म्हातारी हवी होती, रोज चालणाऱ्या सिरियलसाठी. त्या पोरांना वेळ नव्हता, डबिंगची चैन नव्हती. मायक्रोफोन कॉलरमध्ये खोचायचे आणि म्हणायचे, बोला. मी आदाच्या आवाजात बोलले. दिग्दर्शक पोरगी होती, नाकात चमकी, तिने कानावरचं यंत्र काढलं आणि म्हणाली, “आजी, हे काय रेडिओवर बोलल्यासारखं? तुमच्या गावाला कसं बोलतात?” पन्नास माणसांसमोर मी माझा पहिला गोल ‘ओ’ काढला. कुलूप गंजून बसलेलं कपाट उघडावं तसा तो निघाला, कुरकुरत. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी लोकांच्या स्वयंपाकघरात माझ्या स्वतःच्या, दूधवालीच्या आवाजात सुनेला टोमणे मारते, आणि लोकांना तो आवाज आवडतो. मला म्हातारपणी मूल झाल्यासारखं वाटलं होतं, आणि त्यात मला काही लाज नाही.

आणि मग हा घसा. फरीदा इल्दारोव्ना, चौदा नंबरची डॉक्टर, गोड बोलत नाही म्हणून मला आवडते. गेल्या बुधवारी तिने चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र सगळं काढायचं, अर्धं ठेवून चालणार नाही. मानेत इथे एक भोक, श्वास तिथून. बोलणं बंद. काढलं तर जगाल, म्हणाली. नाही काढलं तर पुढच्या नव्या वर्षाचं झाड सजवायला बहुतेक तुम्ही नसाल. तिने दोन कागद दिले, एक होकाराचा, एक नकाराचा. बुधवारी एकावर सही करून आणा, अधलंमधलं काही नको. मी सिरियलच्या निर्मात्याला फोन केला, सांगायला हवं म्हणून. भला माणूस आहे तो, खरंच. त्याला रडूच फुटलं. मग नाक शिंकरून म्हणाला, “तुम्ही काही काळजी करू नका, इनेसा ग्लेबोव्ना. तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज आम्ही दुसरीचा लावू. कोणाला कळणारसुद्धा नाही.” मी फोन ठेवला आणि नकाराच्या कागदावर सही केली. आज सकाळी केली, खरं सांगायचं तर; पण ठरलं तेव्हाच. पुन्हा नाही. एकदा मेले होते त्या दुसऱ्या रांगेत, आता मरायचंच तर माझ्या आवाजात मरेन. सही छान ठसठशीत आली होती. ती पर्समध्ये घेऊन मी बसले होते, आणि मला शांत वाटत होतं, निदान मी स्वतःला तसं सांगत होते. तेवढ्यात ही आली.

शेवटी मी वळले. एवढीशी बाई. राखाडी लोकरीची टोपी, जाड चष्मा, भलंमोठं नाक, हातात औषधांच्या चिठ्ठ्यांची जाळीची पिशवी. पंचेचाळीस वर्षं मी जिच्याशी मनातल्या मनात भांडले ती उंच होती, सिगारेट ओढायची, पायावर पाय टाकून बसायची. तिच्यासाठी मी एकेक वाक्य घासून ठेवलं होतं. ही माझ्या शेजारी बसली, चष्म्यातून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, आणि त्या देवदुर्लभ आवाजात सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं म्हणाली, “तुम्ही इनेसा ग्लेबोव्ना. तोंड मिटताना डावा कोपरा आधी मिटतो. मी आदा.”

मी घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाले, कसंबसं.

“माझ्याकडे तोंड करून बोला,” ती म्हणाली. “आणि आवाजाचे कष्ट घेऊ नका, मला तो नाहीतरी पोचत नाही. सहा वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. कानातलं यंत्र नवं करायचा कागद घ्यायला आलेय, पण त्याचाही उपयोग नाही. ओठ वाचते मी. माझा धंदाच तो होता.”

मला हसू यावं की रडू कळेना. जो आवाज मी न्हाणीघरात नळ सोडून घोकला, तो तिच्या घशात जसाच्या तसा होता आणि तिला स्वतःला ऐकू येत नव्हता. बोळेवाला म्हातारा पुढे सरकून बसला. आदाला त्याची पर्वा नव्हती, किंवा आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळतच नव्हतं. मी तिचा राग करायचे हे तिला मीतिचने सांगितलं होतं, म्हणाली. खरं का? मी ओठांनी नुसतं हो म्हटलं. घशातून काहीच काढलं नाही. तिला बरोबर कळलं. “साहजिक आहे,” ती म्हणाली. “मीही तुमचा करायचे. आरशासमोर उभी राहिले की करायचे. टेलिफोनवर माझ्या प्रेमात पडलेला माणूस भेटायला आला की माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, तुम्ही कुठे उभ्या आहात म्हणून.” आणि ती हसली. मी सिनेमात जसं हसायचे तसंच हसली. म्हणजे ते हसणंही तिचंच होतं.

मग आम्ही बोललो. बघणाऱ्याला मोठी गंमत वाटली असेल. एक म्हातारी तारस्वरात बोलतेय आणि दुसरी नुसते ओठ हलवतेय. मी आधी शब्दागणिक थोडी हवा काढत होते, सवयीने. मग तीही थांबवली. किती सोपं होतं ते! आर्सेनीबद्दल सांगितलं, कोटांच्या खिडकीबद्दल, पोल्याआजीबद्दल. पोल्याआजी ती रोज बघते म्हणाली, आवाज बंद करून. एकदाही तिने मला पुन्हा बोलायला लावलं नाही. माझा गोल ‘ओ’ तिला ओठांवर दिसत होता आणि आवडतही होता, तोंड करून दाखवला तिने. कोणाशी इतकं सरळ बोलून मला किती वर्षं झाली होती ते मला आठवेना, आणि ती माझी वैरीण होती.

ती अचानक थांबली. पिशवीची जाळी बोटांत गुंडाळत म्हणाली, “एक विचारायचं राहिलंय. विचारू? पहिल्या सिनेमातला शेवटचा शॉट. काचेमागे तुम्ही. ती पट्टी मी अकरा दिवस बघितली, शंभरदा तरी फिरवून घेतली असेल. कागदावर लिहिलं होतं, ‘मुर्मान्स्क, थांबा, लाईन देते.’ पण तुमचे ओठ ते म्हणत नव्हते. मी व्सेवोलोद यानोविचला सांगितलं, ही मुलगी दुसरंच काहीतरी बोलतेय. तो म्हणाला, कागदावरचंच वाक्य बसव तू, चेहरा असा पुन्हा मिळायचा नाही. मी बसवलं. पण मला दिसत होतं तुम्ही काय म्हणताय ते.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “तुमची आई तेव्हा होती का हो?”

नव्हती. त्या आठवड्यात गेली, मी ओठांनी म्हटलं. गावाहून तार आली होती, मी ती व्सेवोलोद यानोविचच्या हातात दिली, आणि तो म्हणाला, दोन दिवसांचा उजेड उरलाय, इनेसा, दोनच दिवस, मग मी स्वतः तुला गाडीने सोडतो. मी थांबले. नाही म्हणता आलं असतं. कोणी मला खुर्चीला बांधलं नव्हतं. मला तो शॉट हवा होता, तेही खोटं नाही. काचेमागे दिवे लागले, आणि मला वाक्य आठवेना, माझ्या गावच्या बोलीत मी म्हटलं, आई, मला घरी घेऊन जा. गोल ‘ओ’त, लहान मुलीसारखं. टेक ओके झाला. मी पोचले तेव्हा तिला पुरून चौथा दिवस होता. हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही, आर्सेनीला तर नाहीच. माझं ते एकच वाक्य खरं होतं सबंध सिनेमात आणि ते पुसून वर मुर्मान्स्क लिहिलं गेलं, यावर मी मनात किती वर्षं जळले! ते कोणालाच ऐकू गेलं नाही असं मी धरून चालले होते. आणि इथे ही बसली होती, मोठ्या नाकाची, बहिरी, आणि तिला ते पंचेचाळीस वर्षं पाठ होतं. रागावायला माझ्याकडे काही शिल्लक राहिलं नाही. नुसतं पोरकं वाटलं, आणि त्याच वेळी कोणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखंही वाटलं.

“तेव्हा तुमचं ऐकायला कोणी नव्हतं,” आदा म्हणाली. “म्हणून मी लक्षात ठेवलं.”

मी तिला कागदांबद्दल सांगितलं. बिनआवाजाचंच. भोक, झाड, निर्मात्याचं रडू, सगळं. नकारावर सही झालीय हेही. तिने मला समजावलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, ‘माझ्या एका मैत्रिणीचंही असंच झालं होतं’ म्हणून सुरू केलं नाही. एवढंच विचारलं की ऑपरेशन नाही केलं तर खूप दुखतं का. मी म्हटलं, डॉक्टर म्हणते, शेवटी शेवटी दुखतं. तिने मान हलवली. बाहेर मार्चचा चिखल होता, येणारा प्रत्येक जण ते पाणी निळ्या पिशव्यांतून आत घेऊन येत होता, आणि साफसफाईची बाई पोछा मारत मारत आमच्यापर्यंत आली, आम्ही पाय वर घेतले, मग खाली ठेवले. म्हातारा आत जाऊन आला. जाताना मला म्हणाला, सुनेचं तेवढं बघा. मी हो म्हटलं.

दार उघडलं. फरीदा इल्दारोव्ना स्वतः बाहेर आली, तशी ती कोणासाठी येत नाही. पांढऱ्या कोटाच्या खिशात हात, डोळे थकलेले. “इनेसा ग्लेबोव्ना,” ती म्हणाली, “काय ठरलं तुमचं?”

मी उभी राहिले. पर्समधून कागद काढला, सहीचा. वाक्य तयार होतं, आठवडाभर घोकलेलं: मी विचार करून नकार देतेय. ते माझ्याच आवाजात म्हणायचं, अगदी गोल ‘ओ’ लावून, हेही ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि घशातून काहीच आलं नाही, हवासुद्धा नाही. पण ओठ हलले. ते काय म्हणाले हे मला नक्की कळलं नाही. मी ते ठरवलेलं नव्हतं. कागद हातात तसाच होता. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून पुढे वाकली, तिला काही समजलं नव्हतं. आणि माझ्या बाजूला बाकावर बसलेली आदा, नजर माझ्या तोंडावर खिळलेली, धंद्याच्या जुन्या सवयीने, अर्ध्या क्षणाच्या अंतराने, खालच्या पट्टीत आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं म्हणाली, “मला मरायचं नाहीये.”

पोछावालीसुद्धा थांबली. मी आदाकडे पाहिलं. तिने स्वतःचं काही घातलं नव्हतं, एक अक्षरही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवाजाने माझं स्वतःचं वाक्य म्हटलं होतं.

फरीदा इल्दारोव्नाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. हातातला कागद काढून घेतला, त्याच्यावर नजर टाकली आणि दुमडून खिशात घातला.

“दुसऱ्यावर सही आत करू,” ती म्हणाली, आणि दार धरून उभी राहिली.